कोलायटिस की क्रोन्स? निदान नेमकं ठरतं कसं

नमस्कार. व्याख्यान सुरू व्हायच्या आधीच एक चिठ्ठी हातात आली आहे. 'अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे की क्रोन्स, हे एका फटक्यात सांगणारी तपासणी कोणती?' उत्तर देऊन टाकतो: अशी तपासणी नाही. ती नसताना निदान कसं करायचं, एवढाच आजचा विषय.

दोन्ही आजारांत प्रतिकारशक्तीचा तोल बिघडतो, आतड्याला सूज येते आणि ती महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं येत-जात राहते. बहुतेकांना पहिला त्रास ऐन तरुणपणात होतो. सूज कुठे आहे आणि किती खोल आहे, इथे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयातून सुरू होतो आणि मध्ये जागा न सोडता मोठ्या आतड्यात वर सरकतो. तो आतल्या अस्तरापुरता राहतो. म्हणून रक्त, आव, आणि शौचाला जाऊन आल्यावर पाच मिनिटांत पुन्हा घाई. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, पण त्याची आवडती जागा म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग. एक पट्टा सुजलेला, पुढचा चांगला, मग पुन्हा सुजलेला. आणि तो भिंतीच्या आरपार जातो. आतडं अरुंद होणं, पू साठणं, एका आतड्यातून दुसऱ्यात किंवा थेट त्वचेपर्यंत वाट पडणं, हे सगळं त्या आरपार जाण्यातून येतं. अशा रुग्णाला रक्त कदाचित दिसणारही नाही. पोटात उजवीकडे खाली दुखतं, वजन उतरतं, अंगात कसर राहते.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वारंवार भगंदर होणारा तरुण. ऑपरेशन होतं, जखम भरते, काही महिन्यांनी शेजारी दुसरं तोंड फुटतं. अशा माणसाचं आतडं एकदा तरी तपासायला हवं. क्रोन्सची पहिली खूण कधी कधी तिथेच असते आणि पोटाची तक्रार फार नंतर येते.

पुस्तकातली ही विभागणी वाचायला सोपी वाटते, पण वैद्यकालाही ती उमगायला वेळ लागला. ग्लासगोच्या डॅल्झिएल यांनी १९१३ मध्ये असे रुग्ण नोंदवले होते. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी लहान आतड्याच्या टोकाचा आजार म्हणून त्याचं वर्णन केलं. मोठ्या आतड्यातही क्रोन्स होतो, हे लॉकहार्ट-ममरी आणि मॉर्सन यांनी १९६० मध्ये नीट मांडलं. तोपर्यंत अशा कितीतरी रुग्णांना अल्सरेटिव्ह कोलायटिसचंच लेबल लागत होतं.

आणि अपवाद तर पावलोपावली आहेत. गुदाशयातून औषध घेत असलेल्या कोलायटिसच्या रुग्णाचा गुदाशय बरा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, 'गुदाशय सुटलाय, म्हणजे क्रोन्स.' लहान मुलांत औषधाविनाही असं दिसू शकतं. डाव्या बाजूच्या कोलायटिसमध्ये अपेंडिक्सच्या तोंडाशी एखादा वेगळाच लाल पट्टा असतो. संपूर्ण मोठं आतडं सुजलं असेल तर लहान आतड्याचं टोकही थोडं लाल होतं. यातला एकेक पुरावा घेऊन नाव ठरवलं, तर फसायला होतं.

आता क्रमाने. सगळ्यात आधी जंतुसंसर्ग आहे का, ते बघायचं. जंतूंमुळे झालेले रक्ताचे जुलाब बहुधा दोन आठवड्यांत आटोपतात. चार-सहा आठवडे चालले, तर वेगळा विचार करावा लागतो. शौचाची तपासणी, त्यात अमीबा आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचं विष शोधणं, हे कंटाळवाणं काम टाळता येत नाही. अमीबाच्या कोलायटिसला चुकून स्टिरॉइड दिलं तर आतडं फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. क्लॉस्ट्रिडियम तर जुन्या, माहितीतल्या कोलायटिसवरही स्वार होतो, म्हणून प्रत्येक मोठ्या उसळीला ही तपासणी पुन्हा. शिवाय विचारायचं, दुखण्याच्या गोळ्या किती घेता? त्या गोळ्यांनीही आतड्याला व्रण होतात.

मग शौचातलं कॅलप्रोटेक्टिन. हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन, आतड्याला सूज असेल तर वाढतं. ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर सूज असण्याची शक्यता कमी, मग आयबीएसचा, म्हणजे सूज नसताना आतड्याचं काम बिघडण्याचा, विचार करता येतो. २५० च्या वर असेल तर सूज आहे असं धरून चालायचं. मधला पट्टा संदिग्ध. काही आठवड्यांनी पुन्हा करा. पण सूज कशामुळे, हे तो आकडा सांगत नाही. संसर्गातही तो चढतो. रक्तातल्या पी-एएनसीए आणि एएससीए या अँटिबॉडींचंही तेच: एकीचा कल कोलायटिसकडे, दुसरीचा क्रोन्सकडे, पण निकाल देण्याइतका भरवसा कुणाचाच नाही. त्यांच्यावर फार खर्च करू नये, असं माझं मत.

खरा पुरावा कोलोनोस्कोपीत, पण ती नीट झाली तर. दुर्बीण लहान आतड्याच्या टोकात गेली पाहिजे. मोठ्या आतड्याच्या प्रत्येक भागातून, चांगल्या दिसणाऱ्या जागेतूनसुद्धा, किमान दोन-दोन तुकडे घेतले पाहिजेत आणि प्रत्येक भागाची बाटली वेगळी, लेबल वेगळं. सगळे तुकडे एकाच बाटलीत आले की पॅथॉलॉजिस्ट सूज आहे एवढं सांगू शकतो. ती सलग आहे की तुटक, हे सांगणार कसं?

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं? निरोगी अस्तरातल्या ग्रंथी स्टँडमध्ये ओळीने लावलेल्या परीक्षानळ्यांसारख्या सरळ उभ्या असतात. जुनी सूज असेल तर त्या आखूड होतात, वाकड्या होतात, त्यांना फाटे फुटतात आणि तळाशी प्लाझ्मा पेशींची, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची, गर्दी होते. हे व्हायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून पहिल्याच आठवड्यातल्या बायोप्सीत ग्रंथी सरळ दिसल्या, तर त्यावरून आजार नाही असं म्हणता येत नाही. ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचा घट्ट पुंजका, दिसला तर क्रोन्सचं पारडं जड होतं. पण क्रोन्सच्या बहुतेक बायोप्सींत तो सापडतच नाही.

शिवाय ग्रॅन्युलोमा म्हटला की क्षयरोग आठवलाच पाहिजे. आतड्याचा क्षय त्याच जागी बसतो, लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावर, आणि हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. फरक आहेत. क्षयाचे व्रण आतड्याला आडवे असतात, सांध्यावरची झडप उघडी पडलेली असते, ग्रॅन्युलोमा मोठे, एकमेकांत मिसळलेले आणि मधोमध कुजलेले, सीटी स्कॅनमध्ये मधून मेलेल्या लसिका-गाठी. क्रोन्सचे व्रण लांबट आणि उभे, शिवाय गुदद्वाराचा आजार. पण क्षयाचा जंतू बायोप्सीत सापडेलच याची हमी नाही. त्या जंतूच्या जीनची तपासणीसुद्धा बऱ्याचदा निगेटिव्ह येते. तेव्हा काही ठिकाणी आधी क्षयाची औषधं देतात आणि दोन-तीन महिन्यांनी दुर्बिणीतून पुन्हा बघतात. नुसतं बरं वाटून भागत नाही, व्रण भरलेले दिसायला हवेत. क्षय असताना क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली, तर क्षय अंगभर पसरू शकतो. उलट चुकीत क्रोन्सच्या रुग्णाचे महिने जातात आणि तेवढ्यात आतडं अरुंद होत राहतं. पहिली चूक जिवावर बेतणारी, म्हणून शंका असली की आधी क्षयाचा विचार.

लहान आतड्याचा उरलेला भाग एमआर किंवा सीटी एन्टरोग्राफीने, म्हणजे लहान आतड्याच्या खास स्कॅनने, बघतात. कॅप्सूल कॅमेराही आहे, पण आतडं अरुंद असेल तर तो तिथेच अडकतो, म्हणून स्कॅन आधी.

इतकं करूनही, फक्त मोठं आतडं बाधित असलेल्या साधारण दहातल्या एकाच्या बाबतीत नाव ठरत नाही. कागदावर 'वर्गीकरण न झालेला' असं लिहितात आणि ते प्रामाणिक लिहिणं आहे. पुढे काही वर्षांत बऱ्याच जणांचं चित्र स्पष्ट होतं. नावाची घाई एकाच वेळी असते, मोठं आतडं काढायची वेळ आली तेव्हा. कोलायटिसमध्ये लहान आतड्याची पिशवी करून गुदद्वाराला जोडता येते. क्रोन्समध्ये तीच पिशवी बिघडण्याची शक्यता खूप जास्त. औषधांतही फरक आहे: मेसालामाइन कोलायटिसला चांगलं लागू पडतं, क्रोन्समध्ये त्याचा फारसा उपयोग नाही.

आता दुसरी चिठ्ठी. 'माझ्या दोन रिपोर्टांत दोन नावं आहेत, पुन्हा दुर्बीण घालायची का?' लगेच नको. ज्या प्रयोगशाळेत बायोप्सी झाली, तिथे तुमच्या तुकड्यांचे मेणातले ब्लॉक आणि काचा ठेवलेल्या असतात. त्या मागून घ्या आणि आतड्याच्या आजारांचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. सोबत दुर्बिणीचे फोटो द्या, त्या वेळी कोणती औषधं चालू होती ते लिहून द्या, आणि त्रास सुरू होऊन किती महिने झाले होते तेही. काच वाचणाऱ्याला ही माहिती बहुतेकदा कुणी देतच नाही.