गवताखालची वाळू

(दृश्य: रस्त्याकडेला कापलेली टेकडी, जवळून)

रस्ता काढताना ही टेकडी कापली, म्हणून तिचं पोट आपल्याला दिसतंय. वर वीतभर गवत. त्याखाली काळपट मातीचा पातळसा थर. आणि तिथून खाली सगळी वाळू. पिवळसर, बारीक, मुठीत घट्ट धरली तरी बोटांच्या फटींतून निसटणारी. आजूबाजूला नजर जाईल तिथवर अशाच टेकड्या आहेत, काही तर शंभर मीटरहून उंच. वाळवंटातल्या टेकड्यांवर कुणी हिरवं पांघरूण घालावं, तसा हा मुलूख आहे.

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातली ही चेरी काउंटी, म्हणजे तिथला जिल्हाच. क्षेत्रफळ साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या नाशिक जिल्ह्याएवढं. 2020 च्या जनगणनेत इथे माणसं भरली 5,455. त्यातली 2,633 एकट्या व्हॅलेंटाइन या मुख्य गावात. काउंटी इतकी लांबरुंद की तिच्या मधूनच वेळेची सीमा जाते. पूर्वेकडे दहा वाजतात, तेव्हा पश्चिमेकडे नऊच वाजलेले असतात.

या टेकड्यांना सँडहिल्स म्हणतात. वाऱ्याने त्या रचल्या आणि गवताने त्या जागच्या जागी धरून ठेवल्या. हजारएक वर्षांपूर्वीच्या दीर्घ दुष्काळात गवत मेलं, तेव्हा ही वाळू पुन्हा चालू लागली होती. इथे वर्षाला जेमतेम पन्नास सेंटीमीटर पाऊस पडतो. पण पडलेलं पाणी ओहळातून वाहून जात नाही, वाळू ते तिथल्या तिथे पिऊन टाकते. खाली ओगलाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आहे. त्यामुळे दोन टेकड्यांच्या मधल्या सखल जागेत कुणी न खोदताच तळी दिसतात, आणि झऱ्यांवर पोसलेल्या इथल्या नद्या उन्हाळ्यातही सहसा आटत नाहीत. नायोब्रारा नदीच्या खोऱ्यात, सावलीतल्या गार घळींत, बर्चची झाडं उभी आहेत. हिमयुग ओसरलं, त्यांचे भाऊबंद उत्तरेला गेले, ही मात्र झऱ्यांच्या गारव्यावर इथेच राहिली.

(दृश्य: पवनचक्की, तिच्या पायाशी पत्र्याचा गोल हौद, पाणी पिणाऱ्या काळ्या गायी)

ही भूमी लाकोटा आणि पॉनी या इथल्या मूळ रहिवाशांच्या शिकारीची. उत्तरेला, राज्याची हद्द ओलांडली की लाकोटांसाठी राखून ठेवलेली रोझबड वसाहत आजही आहे. तिच्यावर नजर ठेवायला अमेरिकन सैन्याने 1880 मध्ये नायोब्रारा किल्ला बांधला. 1883 मध्ये काउंटी झाली, तिला नाव मिळालं त्याच किल्ल्यावरच्या सॅम्युएल चेरी या लेफ्टनंटचं. तो दोनच वर्षांपूर्वी मारला गेला होता. सैन्य गेल्यावर 1912 मध्ये किल्ल्याची जागा वन्यजीवांसाठी राखून ठेवली. तिथे सहा बायसन, म्हणजे अमेरिकेतले रानगवे, आणून सोडले. ज्या मैदानांवर त्यांचे लाखोंचे कळप चरत होते, तिथे सहा! हा आकडा मला विसरता येत नाही.

गुरांचे मालक आधी या टेकड्यांत शिरायला घाबरायचे. आत गेलेलं जनावर परत येत नाही, असा समज. 1879 च्या हिवाळा-अखेरीच्या वादळात गुरं आत पांगली. काउबॉय शोधायला गेले, तर गुरं धडधाकट सापडली. एवढंच नाही, आधीच्या वर्षांत हरवलेलीही त्यांच्यात निघाली, चांगली पोसलेली. तेव्हापासून हा मुलूख गायींचा झाला.

पण सरकारला इथे शेतकरी वसवायचे होते. 1862 च्या कायद्याने एका कुटुंबाला 160 एकर मिळत. वाळूत तेवढ्यावर पोट भरणं अशक्य. म्हणून 1904 मध्ये खासदार मोझेस किंकेड यांच्या कायद्याने 640 एकर देऊ केले, पाच वर्षं राहून दाखवा या अटीवर. माणसं आली. मुळांनी बांधलेल्या मातीची ढेकळं विटांसारखी रचून त्यांनी घरं उभारली.

त्यांच्यात कृष्णवर्णीय कुटुंबंही होती. काहींचे आईबाप, आजेआजी गुलामगिरीतून निसटून कॅनडात पोहोचले होते. ही पिढी तिथून परतली, ती स्वतःच्या नावावर जमीन करायला. नॉर्थ लूप नदीकाठी 1907 च्या सुमारास त्यांनी डिविटी वसवलं. शाळा बांधली, चर्च बांधलं, बेसबॉलचा संघ उभा केला. पुढे वस्तीचं नाव झालं ऑडेशस, म्हणजे धाडसी. ज्यांना एके काळी माल म्हणून विकलं जायचं, त्यांच्या नातवंडांनी सातबारा आपल्या नावावर करावा तसा हा प्रसंग. आणि वाट्याला आली ती नांगर न सोसणारी जमीन. गवत उलथलं की खालची वाळू उडू लागे. तीसच्या दशकात वस्ती उठली. आज तिथे गवत आहे, आणि महामार्ग 83 च्या कडेला 2016 मध्ये लावलेला एक फलक.

1920 मध्ये काउंटीत 11,753 लोक होते. त्यानंतर दर जनगणनेत आकडा उतरतच गेला. मोठ्या रँचनी, म्हणजे गुरं पाळणाऱ्या मळ्यांनी, सोडून जाणाऱ्यांच्या जमिनी विकत घेतल्या. आज इथे दीड लाखाहून जास्त गायी आहेत. मांसासाठी पाळलेल्या गायींत ही काउंटी साऱ्या अमेरिकेत अव्वल. एका माणसामागे पंचवीस-तीस गायी. शाळेची बस लांब पल्ला मारते, दवाखाना व्हॅलेंटाइनला. फेब्रुवारीत मात्र याच गावच्या टपाल कार्यालयात जगभरातून पाकिटं येतात, हृदयाचा शिक्का मारून घ्यायला. गावाला नाव एका खासदाराचं, एडवर्ड व्हॅलेंटाइन यांचं. पण प्रेमपत्रांना त्याचं काय!

(दृश्य: टेकडीच्या उतारावर उघडा पडलेला वाळूचा खळगा)

असा खळगा पडला की इथले लोक त्याला ब्लोआउट म्हणतात. गुरांनी एकच जागा तुडवली, गवत फाटलं, वारा आत शिरला आणि भोक मोठं होत गेलं. मग रँचवाले कुंपण घालून गुरं दूर ठेवतात, कुणी जुने टायर टाकतात, वाळू थांबावी म्हणून.

याच खळग्यांत एक फूल येतं, फिकट जांभळं, घमघमणारं: ब्लोआउट पेन्स्टेमॉन. त्याला उघडी, हलती वाळूच लागते. 1940 च्या सुमारास ते नष्ट झालं असं मानलं गेलं होतं, 1968 मध्ये पुन्हा सापडलं. आता रोपं वाढवून ती मुद्दाम अशा खळग्यांत लावतात. या खळग्याच्या वरच्या कडेला गवताची पहिली पाती फुटली आहेत. खाली, वाळूत, चार देठांवर फुलं डोलताहेत.