यूएसडीटी म्हणजे एमर्जन्सी फंड नव्हे ओ! क्रिप्टो एसआयपी आणि घरखर्चाचं गणित

नमस्कार मंडळी, काय म्हणतंय सोलापूर! आज खरंतर दुसराच व्हिडिओ ठरला होता, पण मागच्या व्हिडिओखाली तोच प्रश्न इतक्यांदा आलाय की म्हटलं एकदाच काय ते बोलून घेऊ. "अण्णा, एमर्जन्सी फंड यूएसडीटीत ठेवला तर चालतंय ना? बँकेत नुसता पडून राहतो." नाही चालत. झालं, संपला व्हिडिओ.

बरं थांबा, का ते सांगतो. नवीन मंडळींसाठी, यूएसडीटी म्हणजे एका डॉलरएवढा भाव धरून ठेवणारं क्रिप्टो नाणं, अशा नाण्याला स्टेबलकॉइन म्हणतात.

आधी बेसिक पटकन उरकतो, तुम्हाला माहितीच आहे. पैसे आले की भाडं, किराणा, ईएमआय, पोरांची फी, मग राखीव पैसा, आणि त्यातून उरलं तर क्रिप्टो. पगारदाराकडं निदान तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पाहिजे, धंदेवाल्याकडं सहा किंवा जास्तच. क्रेडिट कार्डाचं थकलं असेल तर आधी ते फेडा, त्यावर वाद नको. पुढं.

आता अडतंय कुठं, तर हे जे मोठ्या शहरातले चॅनलवाले सांगतात ना, एक तारखेला एसआयपीचा, म्हणजे दर महिन्याला ठरलेल्या रकमेचं क्रिप्टो घ्यायचा, ऑटोपे लावा आणि विसरून जा, त्यांचा पगार एक तारखेला येतो ओ! आपल्याकडं लूमवरच्या माणसाला आठवड्याला मिळतात, टॉवेलवाल्याचं पेमेंट पार्टी दोन-दोन महिने लटकवते, गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल लावणाऱ्याचा जानेवारी वेगळा आणि जून वेगळा. समजा तुमची कमाई एका महिन्यात 42,000, दुसऱ्यात 18,000, तिसऱ्यात 30,000, आणि घरखर्च 22,000. सगळे ॲव्हरेज काढतात, 30,000 येतात, म्हणजे 8,000 ची एसआयपी आरामात बसते. कुठं बसते? 18,000 च्या महिन्यात घरालाच 4,000 कमी पडतात आणि वरून ऑटोपे 8,000 ओढतो. म्हणजे 12,000 चा खड्डा, तो भरायला मालकाकडून उचल नाहीतर मेव्हण्याकडून उसने. म्हणून ज्याची कमाई वरखाली होते त्यानं ऑटोपे लावूच नये, असं माझं मत. पेमेंट हातात पडलं, राखीव पूर्ण भरलेलं आहे का बघितलं, मग हातानं खरेदी केली, आणि कमी महिन्यात नाहीच केली तर काही बिघडत नाही. एसआयपी चुकली म्हणून कोणी दारात येत नाही, भाडं चुकलं की येतात.

आता त्या यूएसडीटीकडं. आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही म्हणून घरोघरी टाकी, बॅरल आहेत. टाकी भरायच्या आधी कोणी गाडी धुवायला पाइप लावतो का? आणि टाकी स्वतःच्या घरात असते की नाही? शेजारच्याच्या टाकीत आपलं पाणी ठेवून कुलूप त्याच्याकडं, असं कोणी करत नाही. पण एक्सचेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ॲपवर, राखीव पैसा ठेवणं म्हणजे बरोबर तेच. जुलै 2024 मध्ये भारतातल्या एका मोठ्या एक्सचेंजवर हॅक झाला आणि लोकांचे पैसे काढणं बंद पडलं, एक-दोन दिवस नाही, लै महिने. त्यात ज्यांची गुंतवणूक होती त्यांना त्रास झालाच, पण ज्यांनी दवाखान्याचा पैसा तिथं ठेवला असेल त्यांचं काय?

"मग अण्णा स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवू, चावी आपल्याकडंच." ठेवा की, पण टॅक्स? बिटकॉइन विकून यूएसडीटी घेतलं तरी कायद्याच्या नजरेत ते विकणंच आहे, आणि यूएसडीटी विकून रुपये घेतले की पुन्हा विकणं. 1 जुलै 2022 पासून विक्रीच्या रकमेवर 1 टक्का टीडीएस लागू आहे, नफ्यावर नाही, रकमेवर. एक लाखाचे यूएसडीटी रात्री गडबडीत विकले तर 1,000 कापले जातात, एक्सचेंजची फी वेगळी, आणि ते 1,000 रिटर्न भरताना हिशेबात येणार. वर मधल्या काळात डॉलर वाढला असेल तर त्या वाढीवर 30 टक्के टॅक्स आणि त्यावर 4 टक्के सेस. म्हणजे स्वतःच्याच राखीव पैशाला हात लावायचा टॅक्स.

आणि "स्टेबल" शब्दावर एवढा विश्वास कशाला? मे 2022 मध्ये टेरायूएसडी नावाचं स्टेबलकॉइन साफ कोसळलं. मार्च 2023 मध्ये यूएसडीसीसारखं नावाजलेलं नाणंसुद्धा अमेरिकेतली एक बँक बुडाल्यावर दोन-तीन दिवस डॉलरच्या खाली घसरलं, मग सावरलं. पण तुमच्या वडिलांचं ऑपरेशन नेमकं त्याच शनिवारी निघालं तर?

अजून एक बाजू, आणि मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. मार्च 2020 आठवा. 12-13 मार्चला बिटकॉइन दोन दिवसांत जवळपास निम्म्यावर आला, आणि 25 तारखेपासून देशभर लॉकडाऊन, आपल्याकडं लूम बंद, दुकानं बंद. कमाई थांबली आणि भाव पडला, दोन्ही एकाच महिन्यात. ज्याच्याकडं बँकेत सहा महिन्यांचा खर्च होता तो नुसता बसून राहिला, आणि ज्याच्याकडं नव्हता त्यानं पडलेल्या भावात विकून किराणा भरला.

एका कमेंटवाल्यानं लिहिलंय, "अण्णा, बँकेचं व्याज काय कामाचं, म्हातारे झालात." होय, झालो. राखीव पैसा व्याजासाठी नसतोच लका! सेव्हिंगमध्ये एक महिन्याचा खर्च ठेवा, बाकीची स्वीप एफडी करा, म्हणजे गरज पडली की आपोआप मोडून पैसे खात्यात येणारी एफडी. बँकेत प्रत्येक ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेतसुद्धा, पण पतसंस्थेत नाही हं. गल्लीतली पतसंस्था दीड टक्का जास्त देते म्हणून सगळं राखीव तिथं टाकणारे आपल्याकडं कमी नाहीत.

टॅक्सचा पैसा मात्र राखीवमध्ये मोजू नका. बिटकॉइनमध्ये 20,000 नफा झाला आणि दुसऱ्या कुठल्या कॉइनमध्ये 20,000 गेले, तर तुम्ही म्हणाल हिशेब बरोबरीत सुटला. नाही सुटला. क्रिप्टोतला तोटा नफ्यातून वजा होत नाही, त्या 20,000 वर 6,240 रुपये टॅक्स बसतो. म्हणून नफ्यात विकलं की त्याच दिवशी नफ्याचा एक तृतीयांश वेगळ्या खात्यात टाकायचा. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा टॅक्स 10,000 किंवा त्याहून जास्त निघत असेल तर ॲडव्हान्स टॅक्सही भरावा लागतो, तेव्हा त्याची सोय आधीच पाहिजे.

शेवटचा प्रश्न घेतो, अक्कलकोट रोडच्या एका ताईंचा आहे, "दादा, माझी भिशी दुसऱ्याच महिन्यात लागली, सगळी रक्कम क्रिप्टोत टाकू का?" ताई, भिशी लवकर लागली म्हणजे ते उसने घेतलेले पैसे आहेत, अजून सगळे हप्ते तुम्हाला भरायचेत आणि बाजार पडला म्हणून भिशीतल्या बायका हप्ता माफ करणार नाहीत. आधी उरलेल्या हप्त्यांएवढी रक्कम एफडीत टाका. त्याच्यावर काही उरलं तर मग बोलू, आणि माझा अंदाज विचाराल तर फार उरणार नाही.