तमगा : घोड्याच्या मांडीपासून छातीपर्यंत

हा दगड पाहा. मंगोलियातलं ओर्खोन खोरं, इ.स. ७३२. कुल तिगिन या तुर्क राजपुत्राची ही स्मृतिशिळा. तिच्यावर मोजक्या रेघांत कोरलेला हा रानबोकड शोभेचा नाही. तो राजघराण्याचा ‘तमगा’ आहे, म्हणजे खूण.

त्या अफाट माळावर कुंपण कुठलं? कळप एकमेकांत मिसळायचे. मग घोडा कुणाचा, हे ठरायचं त्याच्या मांडीवरच्या डागावरून. अकराव्या शतकात महमूद काशगरीने बगदादमध्ये तुर्की शब्दकोश लिहिला. त्यात ओघुझ या तुर्क जमातीच्या बावीस कुळांच्या खुणा त्याने चक्क काढून दाखवल्या. शब्दांत सांगून भागणार नव्हतं ना!

पुढे हीच खूण शिक्का झाली. शिक्का सांभाळणारा तो ‘तमगाची’. कुल तिगिनच्या अंत्यविधीला असे दोन तमगाची आले होते, ही नोंद याच शिळेवर आहे. आपल्या तोफची, मशालचीमधला ‘ची’ तो हाच बरं का.

मंगोलांच्या राज्यात व्यापाऱ्याच्या मालावर शिक्का बसायचा आणि त्याचे पैसे मोजावे लागायचे. त्यामुळे करालाच ‘तमगा’ म्हणू लागले. रशियात जकातनाक्याला आजही ‘तामोझ्न्या’ म्हणतात, ते त्यावरूनच.

हा कर बाबरासोबत हिंदुस्थानातही आला. १५२७ साली खानव्याला समोर राणा संग उभा ठाकलेला, फौज घाबरलेली. बाबराने दारू सोडली, सोन्याचांदीचे पेले फोडले, गझनीहून आलेल्या दारूत मीठ टाकायला लावलं. त्याच वेळी फर्मान काढून मुसलमानांना तमगा माफ केला. दारूची गोष्ट सगळे सांगतात, कराची सहसा कुणी सांगत नाही. पोटापाण्याशी गाठ असलेल्या माणसाला मात्र दुसरीच महत्त्वाची वाटली असणार.

आज तुर्कस्तानात हा शब्द ‘दमगा’ झालाय. सरकारी कागदावरचा शिक्का म्हणजे दमगा, मुद्रांक शुल्कही ‘दमगा’चंच. आणि एखाद्याच्या नावाला दमगा लागला, की तो माणूस बदनाम. घोड्याची डागणी तिथल्या भाषेच्या अजून लक्षात आहे म्हणायची.

उर्दूने मात्र डाग विसरून मान तेवढा ठेवला. पाकिस्तानात ‘तमगा-ए-इम्तियाज’ हा सरकारी किताब आहे. नाव पुकारलं जातं, माणूस पुढे होतो आणि तमगा छातीवर लावून घेतो.