एक आड एक म्हणजे रँडम नव्हे! | नर्सिंग रिसर्चमधलं ट्रू एक्सपेरिमेंटल डिझाइन

नमस्कार मंडळी. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, भरायचे दिवस आले की माझ्या कमेंटमध्ये एकच रांग लागते, "मॅडम, माझं डिझाइन ट्रू की क्वासी?" आणि खाली वर्णन असतं, "60 पेशंट, 30 एक्सपेरिमेंटल, 30 कंट्रोल, एक आड एक घेतले."

बाळांनो, ते ट्रू नाही. झालं, व्हिडिओ संपला. बरं, नाही, बसा.

सुरुवातीचं पटकन उरकते, ते तुमच्या नोट्समध्ये आहेच. ट्रू एक्सपेरिमेंटलला तीन गोष्टी लागतात. मॅनिप्युलेशन, म्हणजे इंटरव्हेन्शन (ज्या उपायाची परीक्षा घ्यायची तो) तुम्ही स्वतः देता. कंट्रोल ग्रुप, ज्याला तो उपाय देत नाही. आणि रँडमायझेशन, म्हणजे कोण कुठल्या ग्रुपमध्ये जाणार हे नशिबावर सोडणं. पहिल्या दोन आहेत आणि तिसरी नाही, तर क्वासी. प्रकार: प्रीटेस्ट-पोस्टटेस्ट कंट्रोल ग्रुप, पोस्टटेस्ट ओन्ली, सॉलोमन फोर ग्रुप, फॅक्टोरियल, क्रॉसओव्हर. फळ्यावर आपण आर, ओ, एक्स, ओ लिहितो ना, त्यातला तो पहिला 'आर', म्हणजे रँडम (ओ म्हणजे मोजमाप, एक्स म्हणजे इंटरव्हेन्शन). आज मी फक्त त्याच एका अक्षराबद्दल बोलणार आहे.

आधी एक गोंधळ मिटवू. रँडम सॅम्पलिंग वेगळं, रँडम असाइनमेंट वेगळं. अभ्यासात कोण येणार, हे सॅम्पलिंग. आलेल्यातला कोण कुठल्या ग्रुपमध्ये जाणार, ही असाइनमेंट. ट्रू एक्सपेरिमेंटलला दुसरी गोष्ट लागते. वॉर्डात जे पेशंट मिळाले तेच घेतलेत, म्हणजे कन्व्हिनियन्स सॅम्पलिंग केलंत, आणि मग त्यांची वाटणी नीट रँडम केलीत, तरी डिझाइन ट्रूच राहतं. उलट निवड लॉटरीने झाली आणि वाटणी तुमच्या मनाने झाली, तर नाही. मागच्या व्हिडिओखाली यावरून दोघींचं चांगलंच जुंपलं होतं. दोघीही सॅम्पलिंगबद्दलच भांडत होत्या.

आता माझीच फजिती सांगते. माझ्या एम.एस्सी.ला सलाइनची सुई टोचण्याआधी बर्फ लावला तर दुखणं कमी होतं का, असा विषय होता. मीसुद्धा एक आड एक केलं. विषम नंबर बर्फ, सम नंबर रुटीन केअर. एके दिवशी एक आजी आल्या, हातावर शीर सापडेना, आधीच दोनदा टोचून झालेलं, रडत होत्या. नंबर सम. मी काय केलं? मागच्या कॉटवरच्या दणकट दादांना आधी उरकलं आणि आजींना विषम नंबर दिला. आजी खूश. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, "पुढचा पेशंट कुठल्या ग्रुपमध्ये जाणार, हे तुम्हाला आधी माहीत असायचं का?" मी अगदी अभिमानाने म्हटलं, "हो सर." ते म्हणाले, "मग तो रँडम कसा?"

हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढचा पेशंट कुठे जाणार हे आधी कळतंय का? कळत असेल, तर 'आर' पुसून टाका.

हे फक्त माझ्यासारख्या शिकाऊ पोरीचंच झालं असं समजू नका. 1930 साली स्कॉटलंडमध्ये, लॅनार्कशरला, शाळेतल्या 20,000 मुलांवर प्रयोग झाला. 10,000 मुलांना चार महिने रोज दूध, उरलेल्या 10,000 मुलांना नाही. काही शाळांत चिठ्ठ्या टाकल्या, काही ठिकाणी आडनावाच्या अक्षरावरून वाटणी केली. पण शिक्षकांना एक मुभा दिली: एका गटात धष्टपुष्ट किंवा हडकुळी मुलं फार झाली असं वाटलं, तर थोडी अदलाबदल करा. झालं! शिक्षकांची दया आडवी आली. हडकुळी पोरं दुधाच्या गटात गेली, आणि कंट्रोलची मुलं सुरुवातीलाच उंचीने आणि वजनाने जास्त निघाली. पुढच्याच वर्षी संख्याशास्त्रज्ञ गॉसेटने, हो, तोच, 'स्टुडंट' या नावाने लिहिणारा, तुमच्या टी-टेस्टवाला, या प्रयोगाची चिरफाड केली. त्याचं म्हणणं, यापेक्षा एकसारख्या जुळ्या भावंडांच्या 50 जोड्या घेतल्या असत्या तर जास्त भरवशाचं उत्तर मिळालं असतं. आकडा मोठा असला की सगळं माफ, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. त्या शिक्षकांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आजींच्या बाबतीत केलंच की!

आता तिसऱ्या बाजूने तोच मुद्दा. "मॅडम, माझा विषय मसाजचा. मी नाणं उडवून ठरवलं, मेल मेडिकल वॉर्ड एक्सपेरिमेंटल, सर्जिकल वॉर्ड कंट्रोल. नाणं म्हणजे रँडमच ना?" नाणं बरोबर, पण तुम्ही माणसं वाटली नाहीत, दोन वॉर्ड वाटले. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. शेवटी फरक दिसला तर तो तुमच्या मसाजचा की सर्जिकलच्या इन्चार्ज सिस्टरच्या शिस्तीचा, कसं सांगणार? क्लस्टर रँडमायझेशन, म्हणजे माणसांऐवजी गटच्या गट वाटणं, म्हणून प्रकार आहे, पण त्याला दोन्हीकडे बरेच वॉर्ड किंवा बरीच गावं लागतात. वॉर्ड एकच असेल तर दुसरी पंचाईत. पाच नंबर कॉटला शिकवलेलं सहा नंबरला संध्याकाळी कळतंच. आपल्याकडे पेशंट कमी बोलतात का, आणि त्यांचे नातेवाईक?

मग करायचं काय? 60 चिठ्ठ्या, 30-30, किंवा चार-चारचे ब्लॉक, म्हणजे दर चार पेशंटमध्ये दोन इकडे, दोन तिकडे. चारच्या ब्लॉकमध्ये दोन-दोनच्या सहाच मांडण्या होतात, त्यामुळे ब्लॉकची साइज कधी चार, कधी सहा ठेवा, नाहीतर शेवटचा पेशंट कुठे जाणार हे हुशार स्टाफ ओळखते. ही यादी अभ्यासात नसलेल्या कुणाकडून तरी करून घ्या. मग नंबर टाकलेली, चिकटवलेली, आरपार न दिसणारी पाकिटं. ती बल्बसमोर धरून बघा. आत चांदीचा कागद घातला तर उत्तम. पेशंटची संमती घ्या, पाकिटावर त्याचं नाव लिहा, आणि मगच पाकीट फोडा. क्रम चुकवू नका. 1948 च्या त्या प्रसिद्ध, टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिन औषधाच्या ट्रायलमध्येही अशीच बंद पाकिटं होती.

एक कमेंट दर वेळी येते, "मसाजमध्ये ब्लाइंडिंग होतच नाही, मग ट्रू कसं?" ब्लाइंडिंग, म्हणजे कुणाला काय मिळालं हे लपवणं, वाटणीनंतरचं, पाकीट वाटणीआधीचं. मसाज मिळाला हे पेशंटला कळणारच. पण मिळणार की नाही हे आधी लपवणं तुमच्या हातात आहे. आणि दुखण्याचा स्कोअर घ्यायला वाटणी माहीत नसलेली मैत्रीण बसवा. तेवढं तरी जमतं.

सॉलोमन फोर ग्रुपबद्दल विचारणाऱ्यांना थोडक्यात. प्रीटेस्टमध्ये, म्हणजे इंटरव्हेन्शनआधीच्या चाचणीत, आईला विचारलंत, "ओआरएसचं पाकीट किती पाण्यात?" की ती घरी जाऊन शेजारणीला विचारते, आणि कंट्रोलचाही स्कोअर वाढतो. तो परिणाम वेगळा काढायला चार ग्रुप, दोघांना प्रीटेस्ट, दोघांना नाही. 40 च्या सॅम्पलवर मात्र त्या वाटेला जाऊ नका, एकेका ग्रुपमध्ये दहा उरतील.

शेवटची कमेंट, "मॅडम, माझा अर्धा डेटा एक आड एक झालाय, आता?" मग क्वासी लिहा. नॉन-इक्विव्हॅलंट कंट्रोल ग्रुप, म्हणजे रँडम वाटणीशिवायचा, असं लिहा आणि मर्यादांमध्ये कारण नोंदवा. क्वासी ही काही शिवी नाही. माझ्या बाइंड केलेल्या प्रतीत अजून 'ट्रू एक्सपेरिमेंटल' असंच छापलेलं आहे. घरच्या प्रतीत मी ते पेनाने खोडलंय. लायब्ररीतल्या प्रतीत खोडू देत नाहीत.