बाई, त्याचं दप्तर बघा

नमस्कार शिक्षक मित्रमैत्रिणींनो. आज जरा अवघड विषय आहे, थेटच सांगते. वर्गात कुणाचा तरी कंपास हरवतो आणि मागून आवाज येतो, "बाई, त्या पारध्याच्या पोराचं दप्तर बघा." मग आपण एकतर "गप्प बसा रे" म्हणून फळ्याकडे वळतो, नाहीतर वाद नको म्हणून खरंच त्याचं दप्तर उघडतो. हे दुसरं फारच वाईट, कारण कंपास सापडो न सापडो, शिक्का बसला तो बसलाच, आणि पोरगं उद्यापासून यायचं बंद झालं की आपणच म्हणणार, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.

माझं म्हणणं, तिथल्या तिथे बोला. दप्तर कुणाचंच उघडायचं नाही, आणि जो बोलला त्याला शांतपणे विचारायचं, "तुला असं का वाटलं?" पोरं घरात ऐकलेलंच बोलतात, त्यांच्यावर ओरडून काय होणार? सातवी-आठवीचा वर्ग असेल तर सरळ इतिहास सांगा, की इंग्रजांनी १८७१ साली कायदा आणून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, पुढे तो आपल्याकडेही लागू झाला, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी, आणि तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं, म्हणजे स्वातंत्र्य मिळूनही पाच वर्षं गेली. फक्त हे सांगताना त्या पोराकडे बघत बसू नका, आणि "तू सांग रे, तुमच्यात कसं असतं" असं तर मुळीच विचारू नका.

तीच गोष्ट स्कॉलरशिपच्या फॉर्मची. "एससी, एसटीची मुलं उभी रहा" हे वर्गात पुकारणं आजच बंद करा, एकेकाला बोलवून कागद मागता येतात की. आणि "त्यांनाच पैसे का?" असं कुणी विचारलं तर फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा निबंध वाचून दाखवा, १८५५ साली ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आलेला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. एका शाळकरी मुलीने लिहिलंय ते, पोरं कान देऊन ऐकतात.

दुसऱ्या दिवशी एखादे पालक भांडायला येतील, म्हणून हेडमास्तरांना आदल्या दिवशीच सगळं सांगून ठेवा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलाला मानसिक त्रास द्यायलाही मनाई आहे, तेही सांगा. आणि शाळा सुटली की त्या पोराच्या पालावर जाऊन या, कंपासचा विषय काढू नका, उद्या गणिताची चाचणी आहे, त्याला वेळेवर पाठवा, एवढंच त्याच्या आईला सांगा.