बागेच्या खाली काय आहे: सिएटलच्या गॅस वर्क्स पार्कची गोष्ट

अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या मधोमध लेक युनियन नावाचं तळं आहे, आणि त्याच्या उत्तर काठावर जमिनीचं एक टोक पाण्यात घुसलंय, साधारण 20 एकरांचं. त्या टोकावर हे गंजलेले उंच टॉवर उभे आहेत. बाजूला हिरवळ, एक टेकडी, टेकडीवर पतंग उडवणारी पोरं आणि पाण्यापलीकडे डाउनटाउनच्या इमारती. सिएटलशेजारच्या रेडमंड, बेलव्ह्यूकडे राहणारी आपली मराठी मंडळी गावाकडून आईबाबा आले की त्यांना इथे हमखास घेऊन येतात, 4 जुलैची आतषबाजी बघायला तर अख्खं शहर इथे लोटतं. याचं नाव गॅस वर्क्स पार्क.

आता जरा पाण्याच्या कडेला या. इथे पाटी लावलीये, पाण्यात उतरू नका म्हणून. उन्हाळ्यात एवढं निळं पाणी समोर असताना पाय बुडवायची सुद्धा मनाई. पाणी वरून स्वच्छ दिसतं, गडबड तळाच्या गाळात आहे, आणि ती तिथे कशी पोचली हे समजून घेणं आपल्यासाठी फार गरजेचं आहे, कारण तळ्याकाठचे, खाडीकाठचे बंद कारखाने आपल्याकडेही आहेत आणि त्यांच्या जागेवर राहायच्या इमारतींचे टॉवर येतायत.

1906 साली इथे कोळशापासून गॅस बनवायला सुरुवात झाली. बंद भट्टीत हवा न देता कोळसा तापवायचा, त्यातून गॅस निघतो, तो पाइपातून शहरात जातो, दिवे लागतात, शेगड्या पेटतात. मुंबईतही एके काळी रस्त्यावर असेच गॅसचे दिवे होते, लालबागला गॅस कंपनी होती. पण गॅस निघून गेला की मागे उरतं ते डांबर, कोक (म्हणजे गॅस काढून घेतलेला कोळसा), काजळी आणि घाणेरडं पाणी. 1937 मध्ये कोळसा सोडून तेलापासून गॅस बनवायला लागले, मग काजळी आणखी वाढली. गॅसमधलं गंधक काढायला जी प्रक्रिया वापरली त्यात आर्सेनिक होतं. यातलं काही विकलं गेलं, बरंच सांडलं, मुरलं, आणि काठावर भर म्हणून टाकलं गेलं, म्हणजे आज आपण ज्या काठावर उभं राहून फोटो काढतो त्यातला काही भाग कारखान्याच्या कचऱ्यानेच बनलाय.

1956 ला नैसर्गिक वायूची पाइपलाइन आली आणि कारखाना बंद पडला. 1962 मध्ये शहराने जागा घ्यायचं ठरवलं आणि 1970 मध्ये रिचर्ड हाग या लँडस्केप आर्किटेक्टला काम दिलं. सगळ्यांना वाटत होतं कारखान्याचे हे सांगाडे पाडून टाका, हाग म्हणाले ठेवा. मला हा माणूस मनापासून आवडतो, त्यांनी माती उचलून दुसऱ्या कुणाच्या दारात टाकली नाही, तिथेच त्यात सांडपाण्याचा गाळ, लाकडाचा भुसा, पालापाचोळा मिसळला, की जिवाणू वाढतील आणि तेल खाऊन टाकतील. त्या काळात हा विचार करणं म्हणजे खरंच पुढचं बघणं होतं. 1975 ला बाग उघडली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली.

पण जिवाणू हलकं तेल खातात, डांबरातले जड रेणू, पीएएच म्हणतात ते, त्यांना सहज पचत नाहीत, आणि त्यातले काही कॅन्सर करणारे आहेत. 1984 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, इथलं प्रदूषण तपासलं, पीएएच सापडले आणि महापौरांनी बाग बंद केली. जिथे नऊ वर्षं मुलं मातीत खेळली होती त्या जागेला कुलूप. काही महिन्यांनी उघडली, काही भागांवर नवी माती टाकली, काही भागांना कुंपण. दोष कुणाला द्यायचा, 1970 ला हाग काम करत होते तेव्हा ईपीए स्वतः नुकतीच जन्माला येत होती, आणि वॉशिंग्टन राज्याचा प्रदूषित जागा साफ करायचा कायदा लोकांनी मतदान करून आणला तो 1988 मध्ये. आज मात्र कुणाला ही सबब नाही.

मग आज अशी जागा हातात आली तर तपासायची कशी?

पहिलं काम कागदाचं, मशीन नंतर. जुने नकाशे काढायचे. अमेरिकेत आगीच्या विम्यासाठी शहरांचे फार बारीक नकाशे बनायचे, त्यात कुठली टाकी कुठे होती हे सुद्धा सापडतं. विमानातून काढलेले जुने फोटो बघायचे. जुन्या कामगारांशी बोलायचं, कारण डांबर कुठल्या कोपऱ्यात ओतायचे हे कुठल्याच नकाशावर नसतं, ते त्यांनाच ठाऊक असतं. आपल्याकडे तर हे सगळ्यात आधी करायला हवं, कामगार आहेत तोवर. यातून एक चित्र उभं राहतं की विष कुठून निघतंय, कशातून जातंय आणि शेवटी कुणापर्यंत पोचतंय.

मग बोअर मारायचे. संशय आहे तिथे जवळजवळ, आणि बाकी सगळ्या जागेवर ठरावीक अंतराने, कारण कागद नेहमी पूर्ण सांगत नाहीत. दर काही फुटांवर मातीचं सॅम्पल घ्यायचं. अशा जागी ड्रिलची नळी वर आली की पुष्कळदा कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येतो, तो नॅप्थलीनचा. पण नाकावर विसंबून राहू नका, आर्सेनिकला वास नसतो. बेंझीन नावाचं विषारी रसायन उडून जातं, म्हणून त्यासाठी घेतलेल्या पाण्याच्या बाटलीत हवेचा बुडबुडा सुद्धा राहता कामा नये, बाटल्या बर्फात ठेवून लॅबला पाठवायच्या, आणि कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेल्या त्याची नोंद सोबत. एक गोष्ट रिपोर्टमध्ये नक्की बघा, दहा ठिकाणची माती एकत्र कालवून एकच टेस्ट केलीये का. तसं केलं तर एका जागचं भयंकर डांबर नऊ जागच्या बऱ्या मातीत लपून जातं आणि आकडा छान दिसतो.

यानंतर जमिनीखालचं पाणी. त्यासाठी विहिरीसारखे पाइप बसवतात, निदान तीन, कारण तीन ठिकाणची पातळी मोजल्याशिवाय पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते कळत नाही, आणि एकदा मोजून भागत नाही, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पातळी बदलते. तळ्याकाठी ते पाणी बहुतेक वेळा तळ्याकडेच चाललेलं असतं. बेंझीन असलेली हलकी तेलं या पाण्यावर तरंगतात. डांबर मात्र पाण्यापेक्षा जड, ते खाली उतरत जातं, घट्ट चिकणमातीचा थर लागला की त्यावर साचतं आणि थराला उतार असेल तिकडे सरकत जातं, मग वरचं पाणी कुठेही वाहो. म्हणूनच ड्रिल करणाऱ्याने तो थर बेसावधपणे फोडायचा नाही, नाहीतर तपासायला गेलो आणि डांबराला खाली जायची वाट करून दिली असं होतं.

इथे गॅस वर्क्सला बेंझीन होतं ते आग्नेय भागात, 2000 नंतर तिथे जमिनीत हवा सोडून वर येणारी वाफ ओढून घ्यायची यंत्रणा बसवली. भूजलात आर्सेनिकही सापडलंय.

आणि मग तळं. माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे, कारण प्लॉटची हद्द कागदावर काठाला संपते, डांबराला ती हद्द माहीत नसते. बोटीतून गाळात नळी घुसवून गाळाचा उभा तुकडा काढतात. वरचे साधारण 10 सेंटीमीटर महत्त्वाचे, किडे-अळ्या तिथे राहतात, त्यांना मासे खातात. लेक युनियनमधून सॅमन मासे जातात येतात, समुद्राकडे आणि परत. खालचा भाग सांगतो कुठल्या काळात काय साठत गेलं. नुसती केमिकल टेस्ट करून थांबत नाहीत, त्या गाळात जिवंत प्राणी सोडून ते जगतात का, वाढतात का हेही बघतात. गॅस वर्क्सचा हा गाळाचा अभ्यास वर्षानुवर्षं चालला, शहर आणि गॅस कंपनीची वारस कंपनी पुजेट साउंड एनर्जी यांच्यावर त्याची जबाबदारी आहे. बाग उघडून 2025 ला 50 वर्षं झाली, तरी गाळाची मोठी सफाई व्हायचीच होती.

जमिनीवर काय बांधणार त्यावरही तपासणी ठरते. गोदाम असेल तर वेगळी मर्यादा, बालवाडी असेल तर फार वेगळी, कारण लहान मूल माती तोंडात घालतंच. बिल्डिंग असेल तर जमिनीतली वाफ फटींतून बेसमेंटमध्ये येते का हे मोजावं लागतं, ते माती तपासून कळत नाही.

भारतात जुलै 2025 मध्ये दूषित जागांसाठी वेगळे नियम आले. संशयित जागा जिल्हा प्रशासनाने कळवायच्या, 90 दिवसांत प्राथमिक तपासणी, गरज दिसली तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्व्हे. मला याचं खूप बरं वाटलं, फक्त यादीत जागा यायला कुणीतरी बोट दाखवावं लागेल. ठाण्यासारखं शहर घ्या, तलावांचं शहर आणि कारखान्यांचंही, किती कारखान्यांच्या जागी आज गृहसंकुलं आहेत. तुमच्याकडे तळ्याकाठचा असा प्लॉट विकासाला निघाला असेल तर डेव्हलपरकडे, महापालिकेकडे, प्रदूषण मंडळाकडे कारखान्याचा जुना लेआउट मागा, बोअरचा नकाशा मागा, भूजल कुठल्या दिशेला जातं ते विचारा, आणि रिपोर्टात तळाच्या गाळाचं एकही सॅम्पल नसेल तर तपासणी अर्धवट आहे असं लेखी कळवा.