डिरेक्टरी सर्चमध्ये दिसते म्हणजे नेमकं काय दिसतं?

माणसांनी हातानं वर्गवारी केलेली डिरेक्टरी, म्हणजे वेबसाइटांची विषयवार यादी, सर्चमध्ये ‘दिसते’ असं म्हणताना आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. डिरेक्टरीचं स्वतःचं पान निकालात येणं ही एक गोष्ट. तिथल्या नोंदीमुळे दुसऱ्याच साइटला वर सरकायला मदत होणं ही वेगळी. डीमॉझ या जुन्या डिरेक्टरीचा दबदबा होता तो मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीमुळे.

ही डिरेक्टरी रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी जून १९९८मध्ये सुरू केली आणि त्याच वर्षी नेटस्केप या ब्राउझर कंपनीनं ती घेतली. १७ मार्च २०१७ला ती बंद झाली तेव्हा तिच्यात ३८ लाखांवर नोंदी आणि १० लाखांवर वर्ग होते. सगळं काम स्वयंसेवक संपादकांचं. याहूची डिरेक्टरी त्याआधीच, २०१४च्या अखेरीस मिटली होती. तिथे धंदेवाईक साइटला नुसत्या तपासणीचे २९९ डॉलर मोजावे लागत, नोंद होईलच याची हमी नसताना.

लोक एवढे पैसे का मोजत, हे गूगलच्या पेजरँकच्या, म्हणजे येणाऱ्या दुव्यांवरून (लिंकवरून) पानाचं वजन ठरवण्याच्या हिशोबात कळतं. पानाचं वजन त्यावरच्या सगळ्या दुव्यांत वाटलं जातं आणि मूळ सूत्रात त्याला साधारण ०.८५नं गुणलं जातं. पानाचं वजन १ धरा, दुवे ५०. प्रत्येकाच्या वाट्याला ०.०१७ येतं. खालच्या पायरीवरही ५० दुवे असले, तर तिथल्या साइटला उरतं ०.०००२८९. आता रीजनल, एशिया, इंडिया, महाराष्ट्र, मग गावं, मग पुणे, त्याखाली व्यवसाय, असा जिना उतरा. बाहेरून थेट त्या खालच्या पानाकडे येणारे दुवे नसतील, तर मुखपृष्ठाच्या वजनातलं तिथे जवळपास काहीच पोचत नाही. म्हणून ‘डीमॉझमध्ये नोंद आहे’ एवढ्यानं काही ठरत नसे. कोणत्या फळीवर आहे, शेजारी किती जण आहेत, ते बघावं लागे.

वर आणखी एक भानगड होती. डीमॉझचा सगळा डेटा आरडीएफ या यंत्राला वाचता येणाऱ्या प्रकारच्या फाइलींत फुकट मिळे, श्रेय देण्याच्या अटीवर. गूगलनं २००० साली तोच घेऊन, पेजरँकनुसार लावून, स्वतःची डिरेक्टरी काढली. ती २०११मध्ये बंद झाली. बाकी असंख्य लोकांनी तोच डेटा जाहिराती लावून जसाच्या तसा टाकला. सर्च इंजिन एकसारख्या पानांतलं एक ठेवतं आणि उरलेली झाकतं. ठेवलेलं पान मूळचंच असेल, असा नियम नाही.

संपादकांचं लिखाण सर्वांत जास्त लोकांनी वाचलं ते मात्र डिरेक्टरीत नव्हे, गूगलच्या निकालात. साइटच्या स्वतःच्या वर्णनाऐवजी गूगल कित्येकदा डीमॉझमधलं शीर्षक आणि एका ओळीचं वर्णन दाखवी. साइट बदललेली, वर्णन जुनंच, आणि संपादक दुरुस्तीला कधी हात घालेल ते सांगता येत नसे. वैतागलेल्या साइटमालकांसाठी २००६मध्ये, आधी मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन सर्चनं आणि मग गूगलनं, ‘एन-ओ-ओ-डी-पी’ या मेटा टॅगची, म्हणजे पानाच्या कोडमधल्या सर्च इंजिनासाठीच्या सूचनेची, सोय केली. तो कोडच्या ‘हेड’ भागात घातला की डीमॉझची ओळ गायब. संपादकांची खरी दृश्यता इथे होती, आणि नेमकी तीच पुसायला लोक धडपडत होते!

पुढची उतरण झटपट झाली. साइट डिरेक्टरीत नोंदवा, हा सल्ला गूगलनं २००८मध्ये मार्गदर्शक सूचनांतून काढला. एप्रिल २०१२मध्ये गूगलनं बनावट दुव्यांविरुद्ध आणलेल्या ‘पेंग्विन’ बदलानंतर दुवे विकणाऱ्या डिरेक्टऱ्यांची नोंद फायद्याऐवजी ओझं ठरू लागली. हलक्या दर्जाच्या डिरेक्टरीतले दुवे आज गूगलच्या स्पॅम धोरणात नावानिशी मोडतात.

आज स्वतःची डिरेक्टरी चालवणाऱ्यानं गूगलमध्ये ‘साइट’, कोलन आणि आपला पत्ता टाकून येणाऱ्या निकालांच्या आकड्यावर विसंबू नये; तो ढोबळ असतो आणि क्रमांकाबद्दल काहीच सांगत नाही. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात पानांचा अहवाल उघडा. क्रॉल झालेली (गूगलनं वाचलेली) पण इंडेक्स न झालेली (निकालांच्या साठ्यात न घेतलेली) पानं बहुधा तीच निघतात, ज्यांवर तीन नोंदी आणि बाकी नुसता मेनू आहे. असे वर्ग वरच्या वर्गात विलीन करा आणि जुन्या पत्त्यावरून ३०१, म्हणजे नव्या पत्त्याकडे कायमचं वळण, लावा. साइटमॅपमध्ये, म्हणजे सर्च इंजिनाला द्यायच्या पानांच्या यादीत, फक्त भरलेले वर्ग ठेवा.

मग नोंदीची ओळ. ‘पुण्यातील सर्वोत्तम पुस्तकांचे दुकान’ हे वाक्य हजार पानांवर आहे. ‘जुनी मराठी मासिकं आणि दिवाळी अंक, सुटे अंक मिळतात, सोमवारी बंद’ ही ओळ तिथे जाऊन आलेलाच लिहितो, आणि ‘दिवाळी अंक सुटे’ असं शोधणाऱ्यापुढे यायची आशाही तिलाच आहे. दुकानाच्या साइटवरचा मजकूर उचलून चिकटवलात, तर सर्च इंजिन थेट दुकानाचंच पान दाखवेल, आणि ते बरोबरच आहे.

दुव्यांची तपासणी केवळ यंत्रावर सोपवू नका. ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’, असं उत्तर देणारा दुवा यंत्राला सापडतो. डीमॉझकडेही त्यासाठी रोबोझिला नावाचा प्रोग्राम होता. पण डोमेनची मुदत संपून ते दुसऱ्यानं घेतलं, की दुवा २००, म्हणजे ‘सगळं ठीक’, हेच उत्तर देतो आणि पानावर मात्र जुगाराच्या जाहिराती असतात. यंत्राच्या लेखी ती नोंद ठणठणीत असते.